जागच्या जागी चालू

सोसायटीच्या फलकावर 'बंद' या मथळ्याखाली आपलं नाव वाचायची पाळी येईल, असं वसुधाताई टिपणिसांना उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. फलक लिफ्टशेजारचा. एरवी त्याच्यावर पाणीकपात, सत्यनारायण आणि 'खिडकीतून कचरा फेकू नये' यांची वस्ती. त्या दिवशी मात्र टाइप केलेला नवा कागद होता : 'बंद वाहने – सौ. वसुधा श्यामकांत टिपणीस.' गाडीचा नंबर पुढे होता, पण मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत. चष्मा घरी विसरलेल्या माणसाला एवढंच कळत होतं की टिपणीसबाई बंद झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई लिफ्टमध्ये शिरता शिरता थांबल्या, कागद वाचला, वसुधाताईंकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला आणि म्हणाल्या, "पण तुम्ही तर चालताय!"

कागदाखाली सेक्रेटरीची सही होती. सेक्रेटरी म्हणजे चौथ्या मजल्यावरची अस्मिता नाडकर्णी. आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पण एके काळी वसुधाताईंच्याच भूगोलाच्या वर्गात, खिडकीशेजारच्या बाकावर. नकाशात उत्तर दिशा कुठे, हे तिला दहावीपर्यंत सांगता आलं नाही. आता ती सगळ्या सोसायटीला दिशा दाखवत होती.

हुकूम असा होता, की ज्या गाड्या नुसती जागा अडवून बसल्या आहेत त्यांची येत्या रविवारी सकाळी समिती पाहणी करणार. गाडी स्वतःच्या इंजिनावर सुरू झाली पाहिजे, फाटकाबाहेर पडली पाहिजे आणि गल्लीला वळसा घालून परत आली पाहिजे. नाही जमलं तर जागा रद्द आणि गाडी आवाराबाहेर. जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या सभासदाला. तो सभासद म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा देवव्रत. त्याची विजेवर चालणारी नवीकोरी गाडी बाहेर रस्त्यावर, कावळ्यांच्या झाडाखाली उभी असे. तो रोज सकाळी तिला पुसायचा आणि पुसता पुसता टिपणिसांच्या जागेकडे बघायचा. मुलगी बघायला आलेला मुलगा आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघतो ना, तसा.

आवाराबाहेर म्हणजे कुठे? पार्ल्यात आज सायकल टेकवायला भिंत मिळत नाही. वसुधाताई लग्न होऊन आल्या तेव्हा या गल्लीत एकच गाडी होती, डॉक्टरांची. ती दिसली की कुणाच्या घरी काय झालं असेल म्हणून बायका गॅलरीत यायच्या. कारखान्याकडून बिस्किटांचा वास यायचा, रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळायची आणि डॉक्टरांची गाडी आली की तेवढ्यापुरता खेळ थांबायचा. आता बिस्किटांचा वास नाही, क्रिकेट नाही, आणि थांबलेल्या आहेत त्या फक्त गाड्या. तेव्हा आवाराबाहेर म्हणजे भंगारात, हे सांगायला समितीची गरज नव्हती.

ही गाडी वसुधाताईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी घेतली होती. जीपसारखी उंच, डिझेलवर चालणारी, रंगानं बिस्किटासारखी. आयुष्यभर त्यांनी फळ्यावर खडूनं घाट काढले होते – आंबोली, फोंडा, वरंध, माळशेज. हे सगळे घाट एकदा स्वतः गाडी चालवत चढायचे, एवढीच त्यांची मागणी होती. गाडी गेली की घाटही गेले. मग उरली असती नुसती खडूची धूळ.

तर ती गाडी या थराला कशी आली? त्याचं उत्तर रोज सकाळी घरातच आंघोळ करून, गंध लावून, देव्हाऱ्यासमोर बसत असे.

श्यामकांत टिपणीस सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते. कागद जागेवरून हलू न देणं ही त्यांची कामगिरी आणि तिच्यावर त्यांना बढत्याही मिळाल्या होत्या. गाडी आल्यावर पहिली काही वर्षं दोघं फिरले, नाही असं नाही. सुरुवातीला वसुधाताईच चालवायच्या. एकदा त्यांच्या हातून फाटकाच्या खांबाला डावी बाजू घासली आणि त्या ओरखड्याच्या जोरावर श्यामकांतांनी स्टिअरिंग ताब्यात घेतलं. पुढे एकदा एका लग्नाहून परत येतात तो आपल्या जागेत कुणाच्या तरी पाहुण्याची गाडी. पाहुणा जेवायला बसलेला, वर श्रीखंड. श्यामकांत पुरणपोळीच्या घासासारखा तो दिवस आयुष्यभर आठवत राहिले, फक्त उलट चवीनं. त्या दिवसापासून घराचा कायदा ठरला. गाडी बाहेर काढली की जागा गेली.

"अहो, नाशिकला गाडीनं जाऊ या का?"

"आणि जागा?"

"बरं, लेकीकडे, मुलुंडला श्वेताकडे तरी?"

"अगं, जागा कोण बघणार?"

म्हणून दोघं रिक्षानं फिरत. गाडी नीट राहावी म्हणून भाड्याच्या गाडीत बसणारं हे जगातलं बहुधा एकच कुटुंब. बहुधा म्हणायचं ते उगाच. पार्ल्यात अशी पुष्कळ सापडतील.

गाडीची सेवा मात्र रोज. पूजा आटोपली की श्यामकांत दोन फुलं घेऊन खाली उतरत. एक डॅशबोर्डवरच्या गणपतीला, एक बॉनेटवर. कव्हर काढायचं, घडी घालायची, चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आरती होते तेवढा वेळ. मग बंद, वर कव्हर. "इंजिनाला रोज व्यायाम पाहिजे," असं ते वॉचमनला सांगत. स्वतः मात्र लिफ्टनं वर येत.

दिवाळीनंतर आरती बेसूर व्हायला लागली. आधी बराच वेळ नुसती घरघर, मग धडधड, मग मध्येच एक ठोका गिळल्यासारखा, मग फुस्स, मग पुन्हा धडधड. सगळी गाडी थंडीतापाच्या रोग्यासारखी थडथडायची आणि डॅशबोर्डवरचा गणपती प्रत्येक गोष्टीला होकार द्यायचा. मागून धूर. धुराच्या रंगावरून रोगनिदान होतं हे कुणीतरी मोबाइलवर पाहिलं आणि सोसायटीतले सगळे निवृत्त पुरुष गाडीच्या मागे उभे राहिले. एक म्हणाला, पांढरा. दुसरा म्हणाला, काळा. श्यामकांत म्हणाले, निळसर. पांढरा असेल तर पाणी, काळा असेल तर हवा कमी, निळा असेल तर ऑइल, असा हिशेब होता. सगळ्यांचं एकमत व्हायला आठवडा गेला आणि तेवढ्यात निम्मी सोसायटी खोकायला लागली. धूर राखाडी होता. पण ज्यांनी आयुष्यात बायकोबरोबर साडीच्या दुकानात बसताना वर्तमानपत्र वाचलं, त्यांना मोरपंखी आणि राखाडी यांत फरक काय कळणार?

नोटीस लागली त्या दिवशी देवव्रत मदतीला आला. माणूस सज्जन. ज्याची जागा आपल्याला हवी आहे त्याच्या आजाराची चौकशी करायला येण्याइतका सज्जन. हातात काडेपेटीएवढा डबा.

"काका, हा गाडीला लावायचा. काय बिघडलंय ते मोबाइलवर येतं. एकदम झकास."

"लाव."

"पोर्ट कुठेय?"

"ते काय असतं?"

देवव्रत डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला. बराच वेळ त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लिमलेटची एक गोळी होती, कागदासकट.

"काका, ही गाडी फार जुनी आहे. हिला बोलताच येत नाही."

"बोलते की," वसुधाताई म्हणाल्या. "सगळ्या पार्ल्याला ऐकू जातं."

मग मेकॅनिक बोलवायचं ठरलं. सहार रोडला धाकूचं गॅरेज होतं. धाकू म्हणाला, गाडी आणून द्या. श्यामकांत म्हणाले, ते शक्य नाही, जागा जाईल. म्हणजे धाकूनंच यायचं. पण आवारात गाडी दुरुस्त करायची तर समितीचं ना-हरकत पत्र लागतं, कारण ऑइल सांडून फरशी खराब होते. पत्रासाठी अर्ज. अर्जात एक रकाना : दोषाचे स्वरूप. आता दोष कळत नाही म्हणूनच मेकॅनिक आणायचा आणि दोष लिहिल्याशिवाय मेकॅनिक आणता येत नाही. हे वाचून श्यामकांतांना इतका आनंद झाला की वसुधाताईंना वाटलं त्यांना जुना सहकारी भेटला. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'तपासाधीन.'

अस्मितानं अर्ज परत पाठवला. "काका, दोष आहे असं तुम्हीच लिहून दिलंत तर गाडी बंदमध्येच धरावी लागेल."

"मग दोष नाही असं लिहितो."

"मग मेकॅनिक कशाला हवाय?"

श्यामकांत दोन दिवस घरात हिंडत होते. आपण तयार केलेलं जाळं दुसऱ्या कुणी आपल्याच अंगावर टाकावं, ही वेदना फक्त सरकारी माणसाला कळते. शेवटी मार्ग निघाला. धाकूला चहाला बोलवायचं. वॉचमनच्या नोंदीत 'पाहुणा, टिपणीस यांजकडे'. पाहुण्याच्या खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत वर केळी आणि केळ्यांखाली पाने-पक्कड.

धाकूनं चहा घेतला, चकल्या खाल्ल्या, खाली उतरला आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. एक टोक इंजिनाला, मूठ कानाला. डोळे मिटले. चेहरा आशा सोडलेल्या डॉक्टरासारखा असा केला की श्यामकांतांचा हात आपोआप टोपीकडे गेला. टोपी नव्हती.

"काकांनु, हेचो पंप ग्येलो."

"पंप?"

त्यानं दुसरीकडे टोक लावलं. "नाय तर हेड. हेड खोलूक होया."

"नक्की काय?" वसुधाताईंनी विचारलं.

"खोलल्याशिवाय कसा सांगतलंय, बाई? खोलल्यावर काय तरी गावताच."

काहीतरी सापडतंच, यावर वसुधाताईंचाही विश्वास होता. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही उघडून बघा, काहीतरी सापडेलच. पण उघडलेली गाडी रविवारपर्यंत पुन्हा जोडून होणार नाही आणि रविवार तर तोंडावर आलेला.

एवढ्यात शेजारच्या विंगमधले भीमराज शेजवळ आले. मूळचे जालन्याकडचे, ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रातून मोठ्या तांत्रिक पदावरून निवृत्त, आणि श्यामकांतांचे सकाळच्या फेरीतले जोडीदार. फेरीत श्यामकांत बोलत आणि शेजवळ चालत. अणूशी आयुष्य काढल्यामुळे शेजवळांना कुठलीही गोष्ट साधी वाटत नसे. घरी गॅसचं सिलिंडर बदलतानासुद्धा ते सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवत.

"टिपणीस, असे अंदाज बांधून नाही चालायचं. एकेक घटक वेगळा करून तपासायचा. वहिनी, तुम्ही जरा मागे सरा."

"मी जिन्यात आहे, भावजी."

"आणखी मागे."

त्यांनी वाळत घालायची दोरी आणून गाडीभोवती बांधली, डोळ्यांवर गॉगल चढवला, हातांत रबरी मोजे घातले. तपासणी अशी : इंजिन चालू ठेवायचं आणि प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या डिझेलच्या नळीचा नट एकेक करून ढिला करायचा. चांगल्या सिलिंडरची नळी ढिली केली की आवाज आणखी पडतो. ज्याची ढिली करूनही काही फरक पडत नाही, तो कामचुकार. वसुधाताईंना हे पटलं. शाळेत शिक्षक रजेवर गेले की नेमकं असंच कळायचं.

पाना धाकूच्या हातात, आज्ञा शेजवळांच्या. "क्रमांक एक." नट ढिला झाला, इंजिन लटपटलं. "क्रमांक दोन." पुन्हा लटपटलं. तिसऱ्या वेळी श्यामकांत दोरीखालून आत वाकले, कारण आपल्याच गाडीचा आवाज आपण जवळून ऐकायचा नाही तर कुणी, आणि डिझेलचा फवारा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, गंधावर आणि उघड्या तोंडात बसला.

"थू! थू! अरे, वाट लागली माझी!"

"हालचाल करू नका!" शेजवळ ओरडले. "दूषित क्षेत्र!"

चौथ्या नळीलाही इंजिन तितकंच लटपटलं. धाकूनं पाना खाली ठेवला. "म्हंजे चारय ग्येले."

"उलट," शेजवळ गॉगल कपाळावर ढकलत म्हणाले, "चारही सारखे आहेत. सारखेच वाईट चालतायत. म्हणजे दोष चौघांचा नाही. चौघांना जे मिळतं त्याचा आहे. हवा किंवा डिझेल."

हवेची पेटी उघडली. आत उंदरानं संसार थाटला होता. वाळलेली झेंडूची पानं, जास्वंदीचे देठ, दसऱ्याच्या तोरणाचा दोरा. रोजच्या पूजेतलं बॉनेटवरचं फूल कुठे जातं याचा श्यामकांतांनी कधी विचार केला नव्हता. देवानं घेतलं असेल, अशी त्यांची समजूत असावी. पेटी साफ करून इंजिन सुरू केलं. धडधड थोडी कमी झाली. ठोका गिळणं तेच.

"मग डिझेल," शेजवळ म्हणाले.

"डिझेल आहे की!" सदरा पिळता पिळता श्यामकांत दुखावल्या सुरात म्हणाले. "टाकी अर्धी भरलेली आहे. आजची नाही, कधीची भरून ठेवलेली आहे. एक थेंब वाया घालवत नाही मी."

जिन्यात बसलेल्या वसुधाताईंच्या कानात ते 'कधीची' अडकलं. श्यामकांतांना आकडे आठवत, माणसं नाहीत. वसुधाताईंचं उलट. त्यांनी डोळे बारीक केले. डिझेल शेवटचं भरलं ते मुलुंडच्या टोलनाक्याजवळ. त्या दिवशी त्यांनी जांभळी पैठणी नेसली होती आणि पंपावरच्या माणसानं काचेला बोटं लावली म्हणून श्यामकांत त्याच्याशी भांडले होते. मांडीवर चांदीचा वाळा होता, डबीत. श्वेताच्या बाळाचं बारसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते बाळ आता पहिलीत आहे."

"कुठलं बाळ?"

"ज्याच्या बारशाला हे डिझेल भरलं, ते बाळ. त्याचे पुढचे दात पडले. आणि तुम्ही तेच डिझेल रोज उकळताय."

 धाकू हात पुसायचा थांबला. वसुधाताई खाली उतरल्या आणि सरळ दोरी ओलांडून आत गेल्या.

"लोणच्याची बरणी अर्धी रिकामी करून मोरीजवळ वर्षानुवर्षं ठेवली तर काय होतं, हे तुमच्या अणुकेंद्रात शिकवत नसतील, भावजी. झाकणाला आतून पाणी सुटतं. ते खाली उतरतं. मग वर लोणचं आणि खाली बुरशी."

शेजवळांनी हवेतच बोट उचललं, काहीतरी आठवल्यासारखं. डिझेलच्या फिल्टरला खाली पाणी काढून टाकायचा एक स्क्रू असतो. हे त्यांना माहीत होतं, पण दोरी बांधण्याच्या गडबडीत मागे पडलं होतं. वसुधाताईंनी वरून काचेचा बाउल आणला, पुडिंगचा. स्क्रू ढिला केला. खाली आलं ते आधी चहासारखं गढूळ पाणी, मग शेवाळासारखं काहीतरी, आणि त्याच्यावर थोडं, लाजून आल्यासारखं, डिझेल.

"चहा पिऊक नको म्हणा गाडीक," धाकू म्हणाला आणि केळी परत घेऊन गेला.

शेजवळांनी निकाल दिला. फिल्टरातलं पाणी गेलं, पण टाकीत जुनंच डिझेल. रोज नुसतं उभ्या उभ्या चालवल्यामुळे इंजिन कधी तापलंच नाही, त्यामुळे आत काजळी बसलेली. औषध एकच. ताजं डिझेल भरायचं आणि गाडी चांगली लांब पळवायची.

श्यामकांतांचा चेहरा पडला. "लांब? म्हणजे जागा सोडून?"

रविवार उजाडला. समिती आली. अस्मिता, तिच्या मागे दोन सभासद, आणि अगदी योगायोगानं फेरफटका मारायला आलेला देवव्रत. श्यामकांतांनी सफारी चढवला होता. चावी फिरवली. घरघर, घरघर, फुस्स, आणि मग गाडी थडथडत सुरू झाली. गणपती मान हलवू लागला. टिपणीस कुटुंबातला तोच एक आशावादी.

"छान," अस्मिता म्हणाली. "आता बाहेर काढा. काका, लायसन्स बघू?"

श्यामकांतांनी पाकीट काढलं. लायसन्स निघालं, पण त्याच्यावरचे श्यामकांत काळ्या केसांचे होते.

"काका, हे कधीच संपलंय."

"हो, पण मी गाडी बाहेर काढतच नाही. आत चालवायला लायसन्स लागत नाही."

"आज बाहेर काढायची आहे ना पण." अस्मितानं समितीकडे पाहिलं. समितीनं देवव्रतकडे पाहिलं. देवव्रतनं टिपणिसांच्या जागेकडे पाहिलं.

वसुधाताईंनी पर्स उघडली. त्यांचं लायसन्स प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. नवं. मुदत संपायच्या आतच त्यांनी अंधेरीच्या आरटीओत जाऊन, रांगेत उभं राहून, डॉक्टरांचा दाखला जोडून ते पुन्हा करून घेतलं होतं. तेव्हा श्यामकांत हसले होते, कशाला गं, कुठे जायचंय तुला? त्यांनी लायसन्स पर्समध्ये ठेवून दिलं होतं. घाटांची नावं नवऱ्याला सांगून काय उपयोग असतो?

"उतरा," त्या म्हणाल्या.

"वसू, खांब..."

"उतरा हो."

श्यामकांत उतरले. शेजारच्या सीटवर बसतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते वॉचमनच्या खोलीकडे धावले, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले आणि गाडी पुढे सरकताक्षणी रिकाम्या जागेच्या बरोबर मध्यभागी खुर्ची मांडून बसले. हात छातीवर बांधून.

फाटकाचे खांब आले. डाव्या खांबावर तो जुना ओरखडा अजून होता आणि वसुधाताईंनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. गाडी दोन्ही खांबांमधून बाहेर पडली. गल्लीच्या वळणावर इंजिनानं एक ठोका गिळला, मग दुसरा गिळला आणि मग सगळंच गिळून टाकलं. शांत. मागून रिक्षाचा भोंगा, पुढे नारळवाला. पाठीमागे, सोसायटीच्या गॅलऱ्यांत, सगळे बघत असणार.  फलकावरचा कागद त्यांना दिसला, या वेळी मोठ्या अक्षरांत. त्यांनी चावी फिरवली. घरघर. थांबल्या. पुन्हा फिरवली. गणपतीनं मान डोलावली आणि इंजिन खोकत उठलं.

आता डावीकडे वळलं की वळसा पूर्ण, जागा शाबूत, परीक्षा पास. पण अशी पास होणारी मुलं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. घोकून पास व्हायचं आणि पुढच्या वर्गात पुन्हा तिथेच अडायचं. वसुधाताई सरळ गेल्या.

पंपावर त्या म्हणाल्या, "डिझेल. फुल करो." पंपावरच्या माणसानं टाकीचं झाकण उघडलं आणि नाक मागे घेतलं. "आंटी, अंदर क्या रखा था?"

"बारसं," वसुधाताई म्हणाल्या.

हायवेला लागल्यावर जोगेश्वरीपर्यंत गाडी नुसती कुरकुरत होती. गोरेगावच्या चढाला वसुधाताईंनी पाय दाबला आणि मागून असा काळा लोट बाहेर पडला की आरशातली मुंबई दिसेनाशी झाली. एक मोटारसायकलवाला बाजूला आला, रुमालातून ओरडला, "आंटी, गाडी है के भट्टी?" त्यांनी त्याला हात केला. इथे एके काळी दोन्ही बाजूंना गवत होतं आणि शाळेची सहल थांबवून त्यांनी मुलांना टेकड्या दाखवल्या होत्या. आता टेकड्या बघायच्या तर इमारतींच्या फटींतून. पण चढ तोच होता. चढाला कुणी पाडून वर टॉवर बांधू शकलं नव्हतं.

मालाडला थडथड कमी झाली. कांदिवलीला ठोके सारखे पडायला लागले. बोरिवलीला, नॅशनल पार्कच्या फाटकाशी, गणपतीची मान थांबली. वसुधाताईंनी गाडी बाजूला घेतली, चालूच ठेवली आणि ऐकलं. ऐकण्यासारखं काही नव्हतं. एकसारखी घुमणारी लय, बस्स. त्यांना उगीच आंबोलीचा धुकट वास आल्यासारखा वाटला. बहुधा समोरचा भजीवाला असावा.

परत आल्या तेव्हा समिती सावलीत बसून लिंबू सरबत पीत होती. देवव्रतची गाडी आवारात आली होती, 'फक्त चार्जिंगला', आणि तिचं नाक श्यामकांतांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर होतं. श्यामकांत खुर्चीवर छत्री उघडून बसले होते. कुणाची तरी मोठी फाइल अडवून धरलेल्या दिवसांची चमक त्यांच्या डोळ्यांत होती.

"काका, काकू येईपर्यंतच लावतो," देवव्रत केविलवाण्या आवाजात सांगत होता.

"माझ्या अंगावरून ने," श्यामकांत म्हणाले.

अस्मिता पुढे आली. "काकू, गल्लीला वळसा घालायचा होता ना? आम्हाला वाटलं काही झालं तुम्हाला."

"वळसाच घातला, गं. जरा उत्तरेकडून. बोरिवली उत्तरेला असते, अस्मिता. परीक्षेला येईल, लक्षात ठेव."

अस्मितानं मान खाली घातली. खिडकीशेजारच्या बाकावर घालायची तशीच. संध्याकाळी फलकावरचा कागद निघाला.

श्यामकांत मात्र खूश नव्हते. त्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ उभे राहिले.

"काय झालं?"

"आवाज येत नाही गं काही."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ते फुलं घेऊन खाली गेले तर गाडी नव्हती. वसुधाताई मुलुंडला गेल्या होत्या, पुढचे दात पडलेल्या बाळाला शाळेत सोडायला. श्यामकांतांनी खुर्ची मांडली. मग रोजच मांडली. वसुधाताई घोडबंदरला गेल्या, वसईला गेल्या, एकदा माळशेजच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या. श्यामकांत आपले जागेवर, छत्रीखाली, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली, पुढे पुढे उशी. देवव्रत येता-जाता नमस्कार करी.

दोन आठवड्यांनी एका रविवारी वसुधाताई फाटकातून बाहेर पडत होत्या तर खुर्चीभोवती घोळका. श्यामकांत उठायला गेले आणि गुडघ्यांतून कडाड् आवाज आला होता. शेजवळ म्हणत होते, एकेक सांधा वेगळा करून तपासायला हवा. देवव्रत मोबाइलवर काहीतरी शोधत होता. कुणीतरी म्हणालं, उजवा. कुणीतरी म्हणालं, डावा.

वसुधाताईंनी गाडी थांबवली, काच खाली केली. "सगळे सरा बाजूला. अहो, एकाच जागी बसून बसून होतं ते. बसा गाडीत. माळशेज चढून यायचाय, या वेळी पूर्ण."

"आणि जागा?"

"अहो, बसा म्हणते ना!"

श्यामकांतांनी खुर्चीकडे पाहिलं. देवव्रतकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. इंजिन शांतपणे घुमत होतं, तक्रार करायला कुठे जागा नव्हती. मग ते हळूच वाकले, पायांतल्या चपला काढल्या, दोन्ही एकमेकींशेजारी नीट जुळवून खुर्चीवर ठेवल्या, वर छत्री उघडी लावली, आणि माळशेजच्या घाटाला अनवाणी निघाले.